आडातली लाल दवा

आमच्या सगळ्यांत भित्री मीच होते. आजारी माणसाच्या दारात उभी राहिले की माझे पाय जड व्हायचे. आत पाऊल टाकायच्या आधी मी पदर तोंडाला लावायची आणि मनातल्या मनात नमो मरिया म्हणायची, ते भक्तीनं कमी आणि भीतीनं जास्त.

पूर्णेच्या रेल्वे कॉलनीत तेव्हा कॅथलिकांची सहा-सात घरं होती. निजाम सरकारचं राज्य, रेल्वेही त्यांचीच. कुणी गोव्याकडचा, कुणी मद्रासकडचा. घरात मराठी बोलणारे आम्ही आणि दवाखान्यातली मावशी, एवढेच. फादर महिन्यातून एकदा मनमाडच्या गाडीनं यायचे, तेव्हा मिस्सा, म्हणजे मोठी प्रार्थना, व्हायची. बाकीच्या रविवारी आम्ही लोको शेडमधल्या म्हाताऱ्या मिस्त्रींच्या क्वार्टरात रोजरीला, मण्यांच्या जपाला, जमायचो. रोजरी संपली की मिस्त्री चष्मा नाकावर चढवून विचारायचे, "या हप्त्यात कुणाकडे कोण जाणार?" मग कुणी बाजारामागच्या लुळ्या माणसाला आंघोळ घालायला जायचं, कुणी बाळंतिणीला पेज घेऊन, कुणी एखाद्या म्हाताऱ्याचं पत्र वाचून दाखवायला. फादरांनी एक नियम घालून दिला होता. एकट्यानं जायचं नाही, दोघांनी जायचं.

त्या नियमामुळेच मी त्यात ओढली गेले. मावशीला जोडीदारीण नव्हती. मावशी रेल्वेच्या दवाखान्यात दाईचं काम करायची. विधवा, पन्नाशीची, एका पायानं लंगडी. नात्यानं ती माझी कुणी नव्हती. पण माझी मुलगी तिच्याच हातावर जन्मली होती, म्हणून तिला नाही म्हणणं मला जमलं नाही. माझा नवरा इंजिनावर फायरमन. तो हिंगोलीकडे नाहीतर मनमाडकडे गेला की दोन-दोन दिवस घरी नसे. मुलगी अकरा महिन्यांची होती, अंगावर पीत होती.

त्या उन्हाळ्यात पटकी आली, कॉलरा. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचा एक उन्हाळा होता तो. आधी नदीकाठच्या वस्तीत दोन माणसं गेली, मग बाजारात. हातपाय गार पडलेली, डोळे खोल गेलेली माणसं सकाळी बोलत असायची आणि दुपारी नसायची. कॉलनीत लोकांनी दारं लावून घेतली. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं मिस्त्रींना लाल दवेच्या पुड्या दिल्या. विहिरीत टाकायची दवा. मला आणि मावशीला त्यानं नीट समजावलं, "पाणी जांभळं होईल, घाबरू नका. सकाळी टाकली तर संध्याकाळपर्यंत कुणाला पाणी काढू देऊ नका. तिला काम करायला वेळ लागतो. लगेच प्यायलात तर दवा पण पोटात आणि रोग पण पोटात."

आमच्या वाट्याला खडी फोडणाऱ्यांची पालं आली. रुळांच्या पलीकडे, नदीच्या अलीकडे त्यांची पंधरा-वीस पालं होती. रेल्वेच्या कामाची खडी फोडायला ती माणसं आली होती. दिवसभर तिथून दगडावर घण पडल्याचा आवाज यायचा. आपसात ती त्यांच्या बोलीत बोलायची, त्यातलं मला काही कळायचं नाही. आमच्याशी मात्र मराठीत बोलायची.

पालांच्या मधोमध एक आड होता. मावशी पायामुळे आडाच्या कठड्यावर चढू शकत नव्हती, म्हणून पुडी मी टाकली. काळपट खडे पाण्यात पडले आणि बघता बघता पाणी वांग्याच्या सालीसारखं झालं. माझ्या शेजारी एक बाई घागर घेऊन वाकून बघत होती, ती किंचाळलीच. मावशीनं तिला समजावलं, त्यांच्या म्होरक्याच्या बायकोला सांगितलं, "संध्याकाळपस्तोर पाणी काढू नका. मग खुशाल प्या." माझ्या बोटांना तपकिरी डाग पडले होते. म्होरक्याची बायको त्या डागांकडे टक लावून बघत होती.

दुसऱ्या दिवशी म्होरक्याचा तरणाताठा मुलगा गेला. त्याच्या मागोमाग अजून दोन माणसं.

तिसऱ्या दिवशी दुपारी कॉलनीचा चौकीदार माझ्या दारात आला. "बाई, तिकडं खडीवाल्यांकडं जाऊ नका. ते म्हणायलेत, किरिस्तावांनी आडात जहर कालवलं."

माझ्या हातातलं पीठ तसंच राहिलं. कान घणाचा आवाज शोधायला लागले, तर आवाज नव्हता. सकाळपासून नव्हता. ते मला आधी लक्षातच आलं नव्हतं.

मी मुलीला कडेवर घेऊन मिस्त्रींकडे गेले. मावशी आधीच तिथे होती. मिस्त्री म्हणत होते, "चार दिवस कुणी जाऊ नका. लोकांचं डोकं ठिकाणावर नाही. मी ठाण्याच्या दरोग्याला सांगून बघतो."

"चार दिवसांत निम्मी पालं रिकामी होतील," मावशी म्हणाली. "आडाचं पाणी सोडलंय त्यांनी. नदीत खड्डे करून पाणी पितायत. वरच्या अंगाला मेलेल्यांचे कपडे धुतायत. मी डोळ्यांनी बघितलं."

"पण मावशी, ते मारतील."

"मारतील बी." ती उठली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू येऊ नको गं. लेकरू हाय तुला."

ते ऐकून मला सुटल्यासारखं झालं, हे मी लपवत नाही. मी मान हलवली आणि घरी आले. दाराशी उभी राहून बघितलं तर मावशी रूळ ओलांडत होती. डोक्यावर ऊन, हातात पिशवी, एक पाय ओढत. ती एकटीच होती. मिस्त्रींना शेडमधून बोलावणं आलं होतं, आमच्यातले गार्डसाहेब गाडीवर होते, त्यांची बायको तापानं पडली होती. जोडीला जायला मीच तेवढी उरले होते. मी दार लावलं. मग पुन्हा उघडलं. असं दोनदा केलं. शेवटी मुलीला घेऊन शेजारी चौकीदाराच्या घरी गेले आणि त्याच्या बायकोला म्हणाले, "आपा, हिला जरा ठेवून घ्या."

"पागल हुई क्या?" ती म्हणाली. पण तिनं हात पुढे केले. "दूध तो पिला के जा."

तिच्या उंबऱ्यावर बसून मी मुलीला पाजलं. ती पिता पिता थांबून माझ्या तोंडाकडे बघायला लागली.

पालांपाशी पोचले तेव्हा मावशीभोवती माणसं जमली होती. पंधरा-वीस गडी, काहींच्या हातात हातोडे. बायका मागे, पालांच्या तोंडाशी. म्होरक्या दगडांच्या ढिगावर बसला होता. त्यानं डोकं भादरलं होतं. सगळे एकदम त्यांच्या बोलीत बोलत होते. एक शब्द कळत नव्हता. कुणी माझ्याकडे बोट दाखवलं की वाटायचं, आता. मी मावशीच्या मागे जाऊन उभी राहिले.

म्होरक्यानं हात वर केला, तसे सगळे गप्प झाले.

"आडात कुणी टाकलं?" त्यानं मराठीत विचारलं.

"म्या," मावशी म्हणाली.

ती खोटं बोलली. माझ्यासाठी बोलली. आणि मी गप्प राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. म्होरक्या ढिगावरून उतरून तिच्यासमोर येईपर्यंत मी गप्प होते. त्यानं तिचा हात धरून बोटं बघितली. बोटं स्वच्छ होती. मग त्याची बायको मागून काहीतरी बोलली, आणि सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली.

"मी टाकलं," मी म्हणाले. आवाज फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले, "मी टाकलं. ते जहर नाही. दवा आहे."

"दवा हाय?"

"हो."

"अजून हाय का तुमच्यापाशी?"

मावशीनं पिशवीतून पुडी काढून दिली. त्यानं ती उघडून हुंगली आणि माझ्या हातात दिली. "टाक. अन् पी."

मी आडावर चढले. पुडी सोडली, पाणी पुन्हा जांभळं झालं. एका गड्यानं पोहरा सोडून पाणी वर काढलं. पोहरा माझ्यासमोर आला तेव्हा मला कंपाउंडरचं बोलणं आठवलं. हे पाणी जहर नव्हतं, ते मला ठाऊक होतं. पण आडात रोग असेल तर तो अजून मेलेला नव्हता. संध्याकाळपर्यंत थांबायला हवं होतं. मी मावशीकडे बघितलं. तिलाही ते ठाऊक होतं.

"थोडं थांबून प्यायलो तर?" मावशीनं म्होरक्याला विचारलं. "दवेला वेळ लागतो बाबा."

"का?" तो म्हणाला. "आमच्या पोरांना पिताना तुमी थांबवलंत का?"

आम्ही तेव्हाही थांबायलाच सांगितलं होतं. पण ते त्याला सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी ओंजळ धरली. पाण्याला गंजलेल्या लोखंडासारखी चव होती. डोळ्यांसमोर आपाच्या मांडीवरची मुलगी येत होती. मी तीन ओंजळी प्यायले. माझ्यानंतर मावशीनं पोहरा हातात घेतला, कुणी सांगितलं नव्हतं तरी, आणि तोंडाला लावून प्यायली.

"बसा आता," म्होरक्या म्हणाला. "दिवस बुडोस्तोर."

आम्ही दगडांच्या ढिगाच्या सावलीला बसलो. ते मरण बघायला बसले होते, आमचं. एक म्हातारी तर माझ्या अगदी समोर उकिडवी बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. पोटात जरा गुरगुरलं तरी मला दरदरून घाम फुटायचा. दुपार कलली तशी छाती दुधानं भरून आली, चोळी भिजली. मी पदर ओढून घेतला. पलीकडच्या पालातून कुणीतरी पाणी मागत होतं, सारखं, बारीक आवाजात. तिकडे कुणी जात नव्हतं. मावशी थोडा वेळ ऐकत राहिली आणि मग गुडघ्यावर हात ठेवून उठली.

"बस," एक गडी ओरडला.

"मराया बसवलंय ना? तिथं जाऊन मरते," ती म्हणाली, आणि चालायला लागली. त्याला काय करावं सुचलं नाही. मी पण तिच्या मागे गेले. आत एक बाई पडली होती. आम्ही तिला पुसलं, खालची गोणी बदलली. मावशीनं बरोबर आणलेलं उकळलेलं पाणी, मीठ-साखर घालून, मी चमच्यानं तिच्या तोंडात घातलं. पदर तोंडाला लावायचं त्या दिवशी मी विसरले. दिवस बुडायला म्होरक्या पालाच्या तोंडाशी आला. आत डोकावून म्हणाला, "जावा."

खरी भीती त्यानंतर सुरू झाली. पाण्यातून रोग आला असेल तर चार-पाच दिवसांत कळणार होतं. मी मुलीला जवळ घेतलं नाही. आपानं तिला आपल्याकडेच ठेवलं, शेळीचं दूध पाजलं. भिंतीपलीकडे ती रडायची आणि इकडे मी छाती करकचून बांधून बसायची. नवरा ड्युटीवरून आला, त्याला सगळं सांगितलं. तो रागावला नाही. ओट्यावर जाऊन बसला. मग म्हणाला, "मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर जाऊ दिलं असतंत?"

"नसतं दिलं."

मला काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मावशीला जुलाब सुरू झाले.

निरोप आला तेव्हा मी चुलीपाशी होते. तशीच उठून गेले. तिच्या खोलीच्या दारात माझे पाय थांबले. आतून तिनं मला बघितलं आणि म्हणाली, "दारातून परत गेलीस तरी चालेल गं." मी आत गेले. दोन दिवस मी आणि मिस्त्री आळीपाळीनं तिच्यापाशी होतो. तिचे हात गार पडत गेले, आवाज गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. फादरांना तार केली होती, ते पोचायच्या आत गेली. रोजरीचे मणी तिच्या बोटांत मी गुंडाळले.

त्या पाण्यानं ती गेली, की त्या पालातल्या बाईमुळे, की दवाखान्यात कुणाकडून लागलं, हे मला कधी कळलं नाही. पाणी मी पण प्यायले होते आणि त्या बाईला मी पण हात लावला होता.

आठवड्यानं मुलीला घरी आणलं. तिला छातीशी घेतलं तर तिनं तोंड फिरवलं. पुन्हा घेतलं, पुन्हा फिरवलं. दूधही आटत आलं होतं. मी आपाच्या देखत रडले.

पटकी पावसाळ्याच्या तोंडाशी ओसरली. खडीवाल्यांनी आडाचं पाणी प्यायला सुरुवात केली होती, हे चौकीदाराकडून कळलं. मी मिस्त्रींच्या जोडीनं पुन्हा जायला लागले, पण पालांकडे मात्र गेले नाही. नंतर त्यांचं इथलं काम संपलं. निघायच्या दिवशी म्होरक्याची बायको कॉलनीच्या फाटकाशी आली आणि तिनं मला बोलावणं धाडलं.

"आमी गंगाखेडाकडं चाललाव," ती म्हणाली. "ती दवा थोडी द्या. तिकडच्या आडात टाकायला."

मी कंपाउंडरकडून चार पुड्या आणून दिल्या. एका आडाला एक पुडी, सकाळी टाकायची, संध्याकाळपर्यंत पाणी काढायचं नाही, असं सगळं सांगितलं. तिनं ते दोनदा म्हणून दाखवलं, पुड्या कनवटीला लावल्या. मग तिनं विचारलं, "संध्याकाळपस्तोर पेयाचं न्हाई, तर मग तुमी दोघी का प्यालात?"

मी म्हणाले, "तुमच्या मालकानं थांबू दिलं नाही."

तिनं फाटकाचा गज धरला. "ती लंगडी बाई कशी हाय?" तिनं विचारलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला, तोंडावर घेतला, आणि तशीच वळून सामान लादलेल्या गाढवांच्या मागे चालायला लागली.