आधी दगड हलवायचे

शेजारच्या मंदाकाकूंनी फोनवर आधी माशांचंच सांगितलं. "भाऊ, ताईंच्या टाकीतले मासे काचेला येऊन थांबलेत, कुणी खायला घातलेलं दिसत नाही..." आणि मग त्यांना रडू फुटलं. माझी थोरली बहीण, आमची ताई, अंबरनाथच्या घरी झोपेतच गेली होती. जलदानविधी झाला, पाहुणे पांगले. आता लिहितोय, कारण तोंडाने सांगणं मला कधी जमलं नाही.

ताईच्या मोठ्या टाकीत आफ्रिकेतल्या तळ्यातले सिक्लिड होते. पिवळे, निळे, पट्ट्यापट्ट्यांचे. दिसायला देखणे, वागायला गल्लीतले दादा. प्रत्येकाची दगडातली कपार ठरलेली. तिथे दुसरा आला की त्याची शेपटी फाटलीच. कुणाचं कुणाशी जमेल हे ताई उल्हासनगरच्या दुकानात काचेसमोर उभी राहून ठरवी. आकार सारखा हवा, खाणं सारखं हवं, एकाच रंगाचे दोन नर नकोत. कोण कुणाच्या मागे लागतो ते बघतच राही. सिंधी दुकानदार कंटाळून म्हणे, "दीदी, ले जाओ ना, सब चलता है साथ में." ताई म्हणे, "चलता नहीं भाईसाब, चलाना पडता है."

घरी आल्यावर पिशवी टाकीत तरंगत ठेवायची आणि सगळे दगड उचलायचे. रचलेलं मोडायचं, नव्याने रचायचं, मगच नवा मासा सोडायचा. मी शेजारी बादली धरून. मघाचा दादा आपली कपार शोधत वेड्यासारखा फिरे, नवखा त्याला घासून निघून जाई... आणि काही होत नसे! दर वेळी माझ्या अंगावर काटा येई. "बघ," ताई म्हणे, "आता सगळेच नवे. कोण कुणाला हाकलणार?"

मी आणि माझी पहिली बायको मालती ताईजवळच राहायचो. मालती गेली. काही वर्षांनी मी रेखाशी लग्न केलं. तिला घेऊन दारात आलो, तर घर ओळखू येईना. कपाट, टीव्ही, मालतीचं शिलाई मशीन, सगळं हललेलं. मी रेखादेखत ओरडलो, "मालतीची एक खूण ठेववत नाही तुला?" ताईने पाण्याचा तांब्या पुढे केला. "आत तर या आधी." थोड्याच दिवसांत मी बदलापूरला, सोनिवलीत भाड्याने घर घेतलं. मग सणावारी जायचो, चहा पिऊन निघायचो. रेखा म्हणायची, "एकदा बोला हो ताईंशी." मी नाही बोललो. ताईनेही विषय काढला नाही.

खरं सांगतो, ताईने सामान का हलवलं ते मला त्याच दिवशी कळलं होतं. बादली मीच धरत आलो होतो ना... पण मालतीनंतर सुखी व्हायची मला लाज वाटत होती, आणि त्या लाजेचा राग काढायला ताई हाताशी होती.

परवा मी आणि रेखा मासे आणायला गेलो. रेखा खिडकीपाशी थबकली. "इथे काय होतं हो?" फरशीवर गंजाचे चार डाग. ताईची लोखंडी खाट. तिला दमा होता. लहानपणापासून ती वाऱ्यासाठी त्या खिडकीखाली झोपे. खाट आता मोरीच्या ओल्या भिंतीला होती. लग्न करून आम्ही येणार म्हणून तिने तेव्हा सरकवली, ती तशीच. इतकी वर्षं मी तिथे चहा प्यायलो, आणि ते माझ्या ध्यानात आलं नाही.

आम्ही निघून गेलो तरी तिने खाट परत नेली नव्हती. खिडकीखालची जागा रिकामीच होती... झाडून-पुसून ठेवलेली.