हरेशची जीप पुन्हा घाटाला लागली

पोशेऱ्याचा हरेश मोखाडा ते जव्हार जीप चालवायचा. भिवंडीच्या गोदामांवर हमाली करता करता तो टेम्पो शिकला, लायसन काढलं, आणि लग्नानंतर गावी परतून एक जुनी जीप घेतली. त्या रस्त्यावर एसटी चुकली की अर्धा दिवस वाया जायचा, त्यामुळं त्याच्या जीपचा पाड्यापाड्यांना आधार होता. कुणाचं दुखणं वाढलं की माणसं सरळ त्याच्या दारात येत. हरेश जेवत असला तरी हात धुऊन उठायचा.

सन नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात, बाजाराच्या दिवशी, तो भरली जीप घेऊन घाट उतरत होता. एका वळणावर अचानक त्याची छाती धडधडायला लागली. हातांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना, समोरचा रस्ता लांब गेल्यासारखा दिसायला लागला. आपण आता मरणार आणि मागं बसलेल्या सगळ्यांना घेऊन दरीत जाणार, एवढंच त्याच्या मनात आलं. त्यानं कशीबशी जीप कडेला घेतली आणि खाली उतरून मातीतच बसला. गावातली म्हातारी धोंडीबाई मागं बसली होती. तिनं त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं आणि पदरानं वारा घातला.

जव्हारच्या दवाखान्यात छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. काही निघालं नाही. गॅस असेल म्हणाले. पण आठवड्याभरात तेच बाजारात झालं, मग पुन्हा जीपमध्ये. हरेशचा चुलता सावळा गावचा भगत होता. त्यानं मनापासून दाणे टाकून कौल पाहिला, दंडाला मंतरलेला दोरा बांधला. चार दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच.

हळूहळू हरेशनं घाट सोडला, मग बाजार सोडला, मग डांबरी सडकही. कुठंही गेला तरी मनात एकच यायचं, इथं झालं तर मला कोण धरणार? शेवटी तो बायको, चंदा, सोबत असल्याशिवाय विहिरीपर्यंतही जाईना. जीप मोहाच्या झाडाखाली उभी राहिली आणि तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायला लागल्या. रोजाची कामं, बाजार, पोरांची शाळा, सगळं चंदा बघू लागली. लोक म्हणत, दारू लागली असेल, नाहीतर अंग चोरतो. हरेशला ते ऐकू यायचं. ज्यानं दुसऱ्यांना वेळेवर दवाखान्यात पोचवलं, तो आता स्वतःचा उंबरा ओलांडायला घाबरत होता, आणि हे सांगणार तरी कुणाला?

चंदानं मात्र हात टेकले नाहीत. ती एकटीच जव्हारला जाऊन डॉक्टरांना भेटली. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. हा भीतीचा आजार आहे, औषधापेक्षा याला शिकवण लागते, असं म्हणत त्यांनी मोखाड्याला येणाऱ्या एका संस्थेच्या समुपदेशक नीताताईंचं नाव सांगितलं. हरेश मोखाड्याला जाऊ शकत नव्हता, म्हणून नीताताईच पोशेऱ्याला आल्या. सडकेवर उतरून, शेताच्या बांधावरून चालत, घामाघूम होऊन त्या ओट्यावर बसल्या आणि आधी पाणी मागितलं.

त्यांनी विचारलं, "हरेशभाऊ, रानात बिबट्या समोर आला तर तुमच्या अंगाचं काय होईल?"

छाती धडधडेल, श्वास वाढेल, पाय पळायला बघतील, असं हरेशनं सांगितलं.

"बरोबर. ते अंग तुम्हाला वाचवायला बघतंय. तुमच्या अंगाला बिबट्या नसताना बिबट्या दिसतोय, एवढंच झालंय. या धडधडीनं तुम्ही किती वेळा मेलात?"

हरेशला कितीतरी दिवसांनी हसू आलं. चंदा चुलीपाशी होती, ती ते हसणं ऐकून बाहेर आली.

पुढच्या खेपेला ताईंनी त्याला मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायला लावला आणि स्वतःही त्याच्यासोबत धापा टाकू लागल्या. थोड्याच वेळात त्याला मुंग्या आल्या, डोकं गरगरलं, अगदी घाटात झालं होतं तसं. तो चंदाचा हात शोधायला लागला. ताईंनी चंदाला तिथंच थांबायला सांगितलं. "आता काहीच करू नका," त्या म्हणाल्या. "पाणी नको, हात नको. नुसतं बघा." हरेश घामानं भिजला, थरथरला. मग ती लाट आपोआप उतरली. कुणी धरलं नव्हतं, कुणी पाणी ओतलं नव्हतं, तरी उतरली. इतके दिवस ज्याला आपण मरण समजत होतो ते आपलंच अंग होतं, हे त्याला पहिल्यांदा पटलं.

मग थोडंथोडं बाहेर पडणं सुरू झालं. विहीर, मग शेत, मग सडक, आधी चंदाबरोबर, नंतर एकट्यानं. निघण्याआधी ताई विचारायच्या, काय होईल वाटतं? परत आल्यावर विचारायच्या, काय झालं? दोन्ही उत्तरं कधी जुळायची नाहीत. पण बाजारात पहिल्यांदा गेला तेव्हा गर्दीतून तो पळत सुटला आणि घरी येऊन रडला. आता ताई रागावणार असं त्याला वाटलं. त्या म्हणाल्या, बाजाराच्या मधोमध पोचलात, हे कमी आहे का? आता पळायच्या आधी थोडं थांबून बघू. दोऱ्याबद्दलही त्यांनी कधी शब्द काढला नाही. एक दिवस हरेशनंच तो सोडून सावळ्याच्या हातात दिला. सावळा म्हणाला, "काम झालं असंल तर बरंच झालं, पोरा." आणि जीप निघाली की पहिला आपण बसणार, हे त्यानं सांगून टाकलं.

पावसाळा सरल्यावर जीप दुरुस्त केली. पहिल्या खेपेला ताई शेजारी बसल्या आणि ठरल्याप्रमाणे सावळा मागं. त्याच वळणावर हरेशनं जीप कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि दरीकडं बघत बसला. छाती धडधडली. त्यानं धडधडू दिली. मागून सावळ्यानं विचारलं, पेट्रोल संपलं का? तिघंही हसली. धडधड उतरल्यावर हरेशनं चावी फिरवली आणि जव्हारपर्यंत गेला. नंतरच्या खेपा त्यानं एकट्यानं केल्या.

तो त्रास कायमचा गेला असं नाही. वर्षातून एखाद्या वेळी, जागरण झालं की, छाती धडधडतेच. हरेश मग स्टीअरिंगवरची पकड सैल करतो आणि त्या धडधडीला जाऊ देतो.

दोन हजार चारमध्ये संस्थेचं काम संपलं आणि नीताताई नाशिकला निघाल्या. त्यांना जव्हारच्या स्टँडवर हरेशनंच सोडलं. चंदानं नागलीचं पीठ आणि उडीद बांधून दिले होते. "ताई, तुम्ही मला माझं अंग परत दिलं," निरोप घेताना हरेश म्हणाला. ताई म्हणाल्या, चालणं तर तुम्हीच चाललात, आणि पहिल्यांदा डॉक्टरांकडं चंदा चालत गेली.

परतीच्या वाटेवर हरेश ताईंचं चंदाबद्दलचं हे बोलणंच मनात घोळवत होता. दुसऱ्या दिवशी त्यानं एकही सवारी घेतली नाही. चंदाला पुढच्या सीटवर बसवलं आणि तिच्या माहेरी, वांगणीला नेलं. आजारपणात सुटलेलं तिचं माहेरी जाणं पुढंही राहूनच गेलं होतं. रस्ता खडबडीत, खड्ड्यांतून जीप उसळत होती. चंदानं वाटेत दोनदा हळू चालव म्हणून सांगितलं, आणि हरेशनं दोन्ही वेळा ऐकलं.