मांड्याचा रंग

पुष्कळ वर्षं झाली, पण डोळे मिटले की तो मांडा मला अजून हवेत दिसतो. आमच्या असोदा गावातलं एक अंगण, निंबाखालची चूल, चुलीवर पालथं घातलेलं मातीचं खापर, आणि अक्काच्या दोन्ही हातांवर झुलत झुलत मोठा होणारा पुरण भरलेला कणकेचा गोळा. आधी पुरीएवढा, मग ताटाएवढा, मग इतका पातळ की सकाळचं ऊन त्यातून आरपार जाई. त्या उन्हामागे अक्काचा चेहरा दिसे आणि दिसेनासा होई. लहानपणी मला वाटायचं, ही बाई लग्नाच्या हंगामात चंद्र करते आणि घड्या घालून टोपलीत ठेवते.

अक्का आमच्या नात्यातली नव्हती. ती शेतकऱ्याघरची विधवा, आम्ही गावाच्या कडेला राहणारे ख्रिस्ती. माझे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणत, शाळेत शिपाई होते आणि सहीपुरतं लिहीत. मी जळगावच्या कॉलेजात शिकून बी.ए. झालो. आमच्या घराण्यात पहिलाच. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे. खोटा नम्रपणा मला जमत नाही. निकाल लागला त्या दिवशी गावात पहिला मांडा माझ्या हातावर ठेवला तो अक्कानं.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. मला धुळ्याला मास्तरकी मिळाली आणि त्याच साली अक्काचे डोळे गढुळले. एका सुटीत मी विचारलं, "कसं दिसतं गं अक्का?"

"सारं गाव ताकात बुडेल हाये," ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

मोतीबिंदू होता. मी मनाशी ठरवून टाकलं. धुळ्याच्या मिशनच्या दवाखान्यात डॉक्टरांना भेटलो, खाट राखून ठेवली, दिवस घेतला. असोद्याहून जळगावपर्यंत बैलगाडी सांगितली, पुढे एस.टी. सगळं चोख. एकच गोष्ट राहिली, अक्काला विचारायची. विसरलो असं म्हणणार नाही. ते मला सुचलंच नाही. चांगल्या कामाला परवानगी कसली, असं तेव्हा वाटत होतं.

ठरल्या सकाळी गाडी तिच्या अंगणाशी उभी राहिली. अक्का चुलीपाशी मांडे करत होती, चार बायका पुरण वाटत होत्या.

"चल अक्का, ऊठ. दोन लुगडी घे बरोबर."

"कुठी?"

"धुळ्याला. डोळ्यांचं ऑपरेशन. सगळं ठरलंय."

"कोनी ठरोलं?"

"मी."

"अन् डोये कोनाचे?"

बायका फिसकन हसल्या. कुंपणापलीकडून शेजारचे नाना ओरडले, "ने रे मास्तर, ने! डोयेबी धुईन देतीन, अन् धरमबी!"

माझे कान तापले. मी पुढे होऊन अक्काचा दंड धरला, तिला उठवायला. तिच्या हातावरचा अर्धा फुललेला मांडा घसरला आणि राखेत पडला.

"हात सोड," अक्का म्हणाली. मी सोडला.

"पुढच्या महिन्यात नातीचं लगन हाये. डोये कापल्यावर डॉक्टर मले चुलीजवय बसू देईन का?"

"नाही. दोन-तीन महिने तरी नाही."

"मंग मांडे कोन करीन, तू?"

"पण उशीर झाला तर डोळा जाईल, अक्का!"

"जाईन तं माहा जाईन."

गाडी रिकामी परत गेली.

घरी आबा पडवीत बाज विणत होते. मी चिडून सगळं सांगितलं: हट्टी आहे, अडाणी आहे, आपलं भलं कळत नाही. आबांनी दोरी ताणली, गाठ मारली.

"येशूकडे आंधळा आला, तवा त्याला काय झालंय ते येशूला दिसत नव्हतं का?"

"दिसत होतं."

"मग आधी काय केलं त्यानं?"

मला ते ठाऊक होतं. रविवारच्या शाळेत हीच गोष्ट सांगून मी बक्षीस घेतलं होतं. "विचारलं," मी म्हणालो. "तुला काय पाहिजे, म्हणून विचारलं."

"हां. देवाच्या लेकाला विचारावं लागलं. तू बी.ए. आहेस, तुला नसंल लागत."

दुसऱ्या सकाळी मी गेलो. चुलीशी उकिडवा बसलो. "चुकलं अक्का. तुला काय पाहिजे?"

ती हाताचं पीठ झटकून माझ्याकडे सरकली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "हातावरचा मांडा मले समजते. खापरावर गेला का दिसत नाही. मांडे काये पडतात, जयतात रे. कोनाले सांगू नको. पांढऱ्याचा लाल कवा होते, तेवढं मले सांग."

मी लग्नासाठी रजा काढली. नानांना राहवेना. "अक्का, ख्रिस्ती मानूस लगनाच्या चुलीपाशी?"

"चुलीपाशी नाही," अक्का म्हणाली, "माह्या डोयापाशी बसेल हाये तो."

ते दोन दिवस मला एकाच लांब सकाळीसारखे आठवतात. धूर निंबात चढतो आहे, अक्काचे हात हवेत लाटा काढताहेत, मांडा खापरावर उतरतो आणि मी हळू आवाजात सांगतो: पांढरा... पांढरा... ठिपके आले... लाल. ती उचलते. पुन्हा पांढरा. प्रार्थनेत उत्तर द्यावं तसा माझा आवाज आपोआप येत राहिला. पुढे पुढे तो माझा आहे की तिचा, तेही कळेना. आयुष्यात मी पुष्कळ बोललो, पण इतकं उपयोगी क्वचितच.

मांडवाचा पाला वाळला नव्हता तोच तिचा निरोप आला, "गाडी सांग."

धुळ्याला एक डोळा परत आला. दुसरा नाही. तो त्या एका महिन्यात गेला की आधीच गेला होता, हे मी डॉक्टरांना विचारलं. सांगता येत नाही, ते म्हणाले. ते माझ्या मनातही तसंच राहिलं आहे.

पट्टी निघाली तेव्हा अक्कानं मला निरखून पाहिलं. "तू येवढा काया हाये? लहानपनी तं गोरा व्हता!"

मी हसलो, पण विचारल्याशिवाय राहवलं नाही. "दुसऱ्या डोळ्याचं वाईट वाटतं?"

"वाटते तं," ती म्हणाली. मग उशीवर मान टेकून, "पन मांडा एकबी जयला नाही."

पुढच्या लग्नसराईत मी तिच्या अंगणात जाऊन बसलो, सवयीनं चुलीच्या त्याच बाजूला. ती काही म्हणाली नाही. मांडा खापरावर उतरला, ठिपके आले, आणि माझ्या ओठांवर 'लाल' यायच्या आत तिनं तो उचलला होता.