डब्यातले धुरे

वरण आणि भाजी यांचा एकाच डब्यात राहून चाललेला पिढ्यान्‌पिढ्यांचा तंटा कायमचा मिटवणारा माणूस वाशीम जिल्ह्यात आजवर एकच झाला, आणि तो नात्यानं माझा साडू लागतो. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे ते यजमान. मी हे अभिमानानं सांगतो असं नाही. मी नाही सांगितलं तर दुसरं कुणीतरी सांगतं, म्हणून आधीच सांगून मोकळा होतो. नोकरीनं ते भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीवाले. दिवसभर लोकांची वावरं मोजायची, कुणाचा धुरा कुणाच्या हद्दीत किती शिरला ते सांगायचं आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खाऊन संध्याकाळी घरी यायचं, हा त्यांचा धंदा. धुरा म्हणजे आमच्याकडं दोन वावरांमधला बांध. तो जितका बुटका, तितकं त्याच्यावरचं भांडण उंच. अशा माणसाला निदान जेवणाच्या डब्यात तरी हद्दी शाबूत असाव्यात असं वाटलं तर त्यात नवल नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला समजावत आलो आहे.

याची सुरुवात त्यांच्या मुलीच्या मोबाइलवर झाली. त्यात एक जपानी बाई चपट्या डब्यात भाताचं अस्वल निजवत होती आणि त्याच्या अंगावर ऑम्लेटचं पांघरूण घालत होती. या डब्याला बेंटो म्हणतात, असं मुलगी म्हणाली. आम्ही सगळ्यांनी अस्वल पाहिलं. साडूंनी कप्पे पाहिले. त्यांनी तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला, आणखी एकदा लावायला सांगितला, मग अस्वलाच्या कानाशी थांबवून म्हणाले, "पाह्य, भात इकडं, गाजर इकडं. कोनाचं कोनात नाही. अन् मोजनीचा अर्जबी नाही." आठ दिवसांत डबा घरपोच आला. तो जपानी पोटाच्या मापाचा होता आणि साडूंचं पोट मूळचं जऊळका गावचं. घरची भाकरी त्या डब्याच्या चारही बाजूंनी बाहेर आली. दुसरा कुणी असता तर डबा बदलून घेतला असता. यांनी भाकरी बदलायला घेतली. खिशातली टेप काढून ते परातीशी उभे राहायचे आणि "अर्धा इंच कमी करा" म्हणायचे. माझी मेहुणी स्वभावानं शांत आहे. तिनं चार दिवस ऐकून घेतलं, पाचव्या दिवशी परात त्यांच्यापुढं सरकवली. "माह्या भाकरीची मोजनी कराची असन त भाकरीबी तुमीच थापा," ती म्हणाली. तेव्हापासून त्या घरात भाकरी साडूच थापतात. त्या चांगल्या होतात, हे मी इथं लिहितो आहे. आमच्या घरी बोललेलो नाही.

ऑफिसात जेवायची रीत सगळीकडं असते तीच होती. मधे वर्तमानपत्र पसरायचं, सगळ्यांचे डबे उघडून त्यावर ठेवायचे, आणि ज्याचा हात जिथवर पोचेल ते त्याचं. बेंटोनं या रीतीची पंचाईत केली. कप्पे इतके बेताचे की एकानं घासभर उचललं की नकाशातून एक अख्खा गट नाहीसा व्हायचा. पहिला आठवडा साडू अर्धपोटी राहिले आणि दुसऱ्या आठवड्यात आपला डबा घेऊन खिडकीशी वेगळे जेवायला बसले. हे माझ्या कानावर आलं. मी त्यांना एवढंच म्हणालो, "आपल्या आज्या-पंज्याले लोकायनं वेगळं बसवलं. आपल्या मर्जीनं वेगळे बसनारे तुमी पयलेच." मी हे गमतीनं म्हणालो होतो, निदान तसं मला वाटत होतं. साडू हसले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात ते मोठा डबा घेऊन वर्तमानपत्राशी परत आले. त्या डब्यात एक कप्पा जास्तीचा होता, सगळ्यांत मोठा, आणि त्यात त्या दिवशीचं सगळ्यांत चांगलं कालवण. त्याचं नाव त्यांनी पांदण ठेवलं. पांदण म्हणजे वावरांमधून जाणारी गावाची वाट. "पांदनीवर कोन्या एकाचा हक्क नसते," त्यांनी समजावून सांगितलं, "म्हून ती सगळ्यायची असते. बाकीच्या कप्प्यात हात घातला त मात्र अतिक्रमन." तेव्हापासून ऑफिसात कुणी अतिक्रमण केल्याचं ऐकिवात नाही. पांदण मात्र पहिल्या पाच मिनिटांत रिकामी होते आणि साडू ती रिकामी होताना बघत बसतात. आपलं जेवण ते त्यानंतर सुरू करतात.

मोजणीला गेले की डबा बरोबर असतोच. इंझोरीला एकदा दोघे सख्खे भाऊ एका धुऱ्यासाठी काठ्या घेऊन उभे होते. दीड वाजला तसे साडू त्याच धुऱ्यावर बसले, रुमाल पसरला आणि डबा उघडला. दोन्ही भाऊ वाकून बघू लागले. पाच कप्पे, त्यांत चार घास भात, तीन घास पिठलं, हिरवा ठेचा, दोन फोडी काकडी आणि चहाच्या बशीएवढ्या भाकरीची चवड. थोरल्यानं काठी खाली ठेवली. "साहेब, घरी काही वांधा आहे का?" त्यानं विचारलं. धाकटा म्हणाला, "भाऊ, ह्या मानसाले बायको जेवू घालत नाही वाटते." सहा वर्षं एकमेकांशी न बोललेले ते दोघे यावर तत्काळ सहमत झाले, एकाच मोटारसायकलवर बसून घरी गेले आणि टोपलंभर भाकरी, वांग्याची भाजी आणि ताकाचा गडवा घेऊन परत आले. मोजणी बिनबोभाट झाली. साडूंच्या मते हा विजय बेंटोचा. मी त्यात काही दुरुस्ती सुचवली नाही.

त्यांची खरी विद्या मात्र घरच्या सहलीत दिसते. दर वर्षी तूर निघाली की आमच्या सासऱ्यांच्या, किन्हीराजा गावच्या वावरात रोडग्यांचा कार्यक्रम असतो. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, वर वांग्याची भाजी आणि वरण. रोडगे तयार व्हायला दुपारचे दोन वाजतात. तोवरचा आधार म्हणून साडू घरातल्या अकरा माणसांसाठी अकरा डबे घेऊन येतात. झाकणावर नाव नसतं, गट नंबर असतो, सातबाऱ्यावर वावराचा असतो तसा. मी गट नंबर सात. प्रत्येक डबा त्या त्या माणसाचा असतो आणि तो माणूस स्वतःबद्दल जे सांगत नाही ते डबा सांगतो. तीन वर्षांपूर्वी माझ्या रक्तात साखर निघाली. रिपोर्ट मी शिकवतो त्या शाळेच्या कपाटात, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली ठेवला होता. तिथं कुणी जात नाही, मीसुद्धा फारसा जात नाही. त्या वर्षी माझ्या डब्यातला शिऱ्याचा कप्पा गेला आणि तिथं मेथी आली. बायकोनं आधी माझ्या डब्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. पुढचं मी इथं सांगत नाही. नंतर मी साडूंना गाठलं आणि विचारलं, तुमाले कसं समजलं? ते म्हणाले, "तुमी आजकाल अर्धा चहा कपात ठेवून उठता, भाऊ. मोजनीवाल्याच्या नजरेतून उरलेलं सुटत नाही."

या अकरा डब्यांतला गट नंबर एक आमच्या सासऱ्यांचा. त्यांना आम्ही मामाजी म्हणतो. चार वर्षांपूर्वी मामाजींना वाटलं की शेजाऱ्यानं धुरा आपल्या अंगावर सरकवला. घरातच मोजणीवाला जावई असताना अर्ज कशाला करायचा, म्हणून त्यांनी साडूंना बोलावलं. नात्यातलं वावर मोजू नये, असं साडूंनी परोपरीनं सांगून पाहिलं. "तू फक्त टेप धर, मोजतो मी," मामाजी म्हणाले. टेप धरली गेली. शेजारी उभा होता, त्याची बायको उभी होती, मी उभा होतो. अशा प्रसंगी मी नेहमी नुसता उभाच असतो. साडूंनी टेप गुंडाळली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "मामाजी, धुरा तुमचाच तिकडं गेला. दीड हात." शेजाऱ्यानं बायकोकडं पाहिलं. मामाजी माझ्याकडं वळले. "हा जवाई माहा आहे का त्याचा?" मी म्हणालो, "चहा झाला वाटते."

त्या दिवसापासून मामाजींनी साडूंच्या हातचं खाणं सोडलं. बोलणं तोडलं नाही. 'जयभीम' म्हणतात, आणि मला म्हणतात तेवढ्याच आवाजात म्हणतात, त्यात काटछाट नाही. पण जयभीमच्या पुढं वाक्य नाही आणि डब्याला हात नाही. "मी पंगतीत खानारा मानूस," ते सांगतात, "हे खोक्यातलं कायले खाऊ?" तीन वर्षं गट नंबर एक जसाच्या तसा परत आला. तीनही वर्षं साडूंनी तो त्याच धुऱ्यावर बसून एकट्यानं संपवला आणि विहिरीवर धुतला. डबा दिवस मावळायच्या आत धुतला गेलाच पाहिजे, असा त्यांचा कायदा आहे. घरच्या लग्नात वरात दारात आलेली असताना ते मागं नळावर डबा घासत होते. मेहुणी एकदा म्हणाली, "बाबा खात नाही त कायले करता त्यायचा डबा?" ते म्हणाले, "गट आहे. मालक खात नाही म्हनून नकाशातून काढता येते का?" मग बराच वेळ ते एकच झाकण पुसत राहिले.

मामाजींच्या मर्जीचं एक माप आमच्या घरात सर्वांना माहीत आहे. त्यांच्या कमरेला तंबाखूची चंची असते. ज्याला ते आपला मानतात त्याच्यापुढं ती उघडी धरतात. शेजाऱ्यापुढं त्यांनी ती पूर्वी धरलेली आहे. माझ्यापुढं बावीस वर्षांत एकदाही धरलेली नाही. मी तंबाखू खात नाही, हे खरं; पण त्यांना ते कुठं माहीत आहे? विचारलंच नाही कधी.

यंदा वावरात पोचल्यावर मी नेहमीप्रमाणं सगळे डबे उघडून पाहिले. दुसऱ्याचा डबा पाहणं हा माझा छंद आहे, मेथीपासून जास्तच. गट नंबर एकमध्ये सगळं मऊ होतं. घरीच भाजलेल्या रोडग्याचा तूप-गुळात कुस्करलेला मलिदा, साल आणि बिया काढलेलं वांग्याचं भरीत, आसट ज्वारीच्या कण्या, घोटलेलं वरण, ठेचासुद्धा गंधासारखा वाटलेला.

"हे काय बाळंतिनीचं जेवन आहे का?" मी म्हणालो.

"हळू बोला, भाऊ," साडू म्हणाले. "मामाजीच्या दाढा गेल्या, दोनी बाजूच्या. मागच्या साली रोडग्याचे काठ पत्रावळीखाली दडवून राह्यले होते."

"मंग हे कोनाले सांगितलं?"

"त्यायनं नाही सांगितलं, त मी काहून सांगू?" असं म्हणून त्यांनी तो डबा झाकला आणि मामाजींच्या पुढं न ठेवता मोटारपंपाच्या खोलीच्या मागच्या ओट्यावर ठेवून आले. तिथं सावली असते, मामाजी दुपारी घटकाभर तिथंच टेकतात, आणि पंगतीतून ते दिसत नाही.

दोन वाजता पानं मांडली तर मामाजी नाहीत. बोलावून आणायला मला धाडलं. ते पंपाच्या खोलीमागं पाठमोरे बसले होते, मांडीवर डबा. तीन कप्पे साफ होते आणि चौथ्याच्या कोपऱ्यातून ते बोटानं मलिदा काढत होते, कोपऱ्यात काही राहू नये अशा बेतानं. माझी चाहूल लागली. त्यांनी मान वळवली नाही.

"काय पाहून राह्यला? पानी आन."

मी पाणी आणलं. "बाहीर बोलू नको," ते म्हणाले. बावीस वर्षांत मामाजींनी माझ्यावर सोपवलेली ही पहिली जबाबदारी. पंगतीत येऊन त्यांनी पत्रावळीवर एक रोडगा घेतला, फोडला आणि म्हणाले, "आज भूक नाही बापा." साडू वरण वाढत होते. ते पुढच्या पानाकडं सरकले.

संध्याकाळी डबे गोळा झाले ते दहा. आता हा माणूस एक चमचा हरवला म्हणून इंझोरीला परत गेलेला. मी मनात म्हटलं, आता सगळं वावर मोजून होणार. साडूंनी दहा मोजले, पुन्हा दहा मोजले, पिशवीचा बंद ओढला आणि म्हणाले, "झाले पुरे. चाला."

आठ दिवसांनी किन्हीराजाहून येणाऱ्या ओळखीच्या ऑटोवाल्यानं अकरावा डबा साडूंच्या घरी आणून दिला. मी तिथंच होतो. कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, ही रीत मामाजी अर्थातच पाळतात. मोठ्या कप्प्यात नवी तुरीची डाळ, दुसऱ्यात देठासकट हिरव्या मिरच्या, तिसऱ्यात गुळाचा खडा, चौथ्यात जवस. रस्त्यात हेलकावे बसून सगळं मिसळू नये म्हणून प्रत्येक कप्प्यावर कागद होता, त्याच्याच मापाचा कापलेला. एक दाणा धुरा ओलांडून गेला नव्हता. आणि ठेच्याच्या चिमुकल्या कप्प्यात, पाचव्या कागदाखाली, चिमूटभर तंबाखू.

साडू तंबाखूला कधी शिवलेले नाहीत. त्यांनी तो कागद होता तसा परत ठेवला आणि आत जाऊन बराच वेळ तोंड धुतलं.

खरा धुरा अजून दीड हात तिकडंच आहे. मागच्या महिन्यात मी स्वतः पाहून आलो. डाळ शिजली, मिरच्या संपल्या, गूळ चहात गेला, माझ्या नाही. तो डबा मात्र त्यांच्या स्वयंपाकघरात फळीवर तसाच आहे. परवा गेलो तेव्हा मी म्हणालो, "एक डबा धुवाचा राह्यला वाटते."

"राहू द्या," ते म्हणाले आणि चहा ठेवायला वळले.

त्यांची पाठ होती तेवढ्यात मी झाकण उघडलं. बावीस वर्षं तो वास मी मामाजींच्या खाटेच्या पायथ्याशी बसून, लांबूनच घेत आलो. तंबाखू आता वाळून भुगा झाली आहे, पण आपल्या कप्प्यात आहे. चहाला उकळी फुटली तसं मी झाकण लावलं, चारी कोपरे एकेक दाबून, ते लावतात तसं.