दाजींनी वाढवलेला आकडा

आमच्या दाजींइतका भित्रा माणूस जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत दुसरा झाला नाही, असं मी कुणाच्याही ओट्यावर बसून सांगायला तयार आहे. आणि ऐकणाऱ्याने दाजींना एकदा जरी पाहिलं असेल तर तो वाद घालणार नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ओतूरला एसटी स्टँडच्या मागे राहत. ताईने कुकर चढवला की पहिली शिट्टी होईपर्यंत ते अंगणात जाऊन उभे राहत. स्कूटरवरून नारायणगावला निघायचं तर आधी ब्रेक, मग हवा, मग पुन्हा ब्रेक बघत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस लागला की बिबट्याच्या धास्तीने मोठमोठ्याने बोलायला सुरुवात करत, मागे कुणी बसलेलं नसलं तरी. एकदा बांधावरच्या शेतकऱ्याने विचारलं, "साहेब, कुणाशी बोलताय?" दाजी वेग कमी न करता म्हणाले, "ज्याला ऐकू जायचंय त्याला जातंय." नात्यातल्या एका लग्नाला आम्ही आहुप्याला गेलो होतो, तेव्हा सगळं वऱ्हाड कड्यावर जाऊन खालचं कोकण बघून आलं. दाजी मात्र देवराईपाशीच थांबले. "कोकण काय पळून जातंय व्हय?" एवढंच म्हणाले.

अशा माणसाने कॉम्प्युटरचा धंदा काढावा हे आश्चर्यच होतं. घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी एक मशीन मांडलं होतं आणि द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजसाठी ते प्रोग्राम लिहीत. खोलीतलं तापमान वाचायचं, कॉम्प्रेसर कधी चालू करायचा आणि कधी बंद, हे त्या प्रोग्रामने ठरवायचं. कॉलेज संपल्यावर मीही त्यांच्याकडे कामाला लागलो. दाजी मशीनच्या डब्यावर मधूनमधून तळवा ठेवत, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. जरा कोमट लागलं की घरातला एकुलता एक टेबलफॅन उचलून मशीनकडे वळवत. ताई पदराने वारा घेत बसे.

प्रोग्राममध्ये केलेला प्रत्येक बदल जपून ठेवणारं एक सॉफ्टवेअर आम्ही वापरत होतो. आज काही बिघडलं तर कालची प्रत, परवाची प्रत, हवी ती काढता यायची. हे सॉफ्टवेअर प्रत्येक वेळी पूर्ण प्रत ठेवत नाही. एक प्रत पूर्ण ठेवतं आणि बाकीच्यांचे नुसते फरक. जुनी प्रत मागितली की त्या पूर्ण प्रतीवर एकेक फरक चढवत ती उभी करावी लागते. हे करताना मधल्या प्रती थोडा वेळ मेमरीत धरून ठेवल्या तर काम झपाट्याने होतं. किती मेमरी वापरायची, याचा एक आकडा सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनीच घालून दिलेला असतो. तो लहान असेल तर मधल्या प्रती टाकून द्याव्या लागतात आणि पुन्हा मुळापासून सुरुवात होते. बनवणाऱ्यांनी हा आकडा लहान मशीनच्या दिवसांत ठरवला होता, आणि दाजींनी तो आणखी निम्मा केला होता. आमचं मशीन पुढे दोनदा बदललं, मेमरी कितीतरी पटीने वाढली, पण आकडा तिथेच राहिला. मी विषय काढला की म्हणायचे, "बैल मोठा झाला म्हणून गाडीत दगड भरायचे का, पावणं?"

यामागचं कारण मला ताईने सांगितलं. नव्वदच्या दशकात दाजी भोसरीच्या एका कारखान्यात होते. तिथे कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी असाच एक आकडा वाढवला. मशीन गुदमरलं, डिस्क गेली, आणि शेजारी बसणाऱ्या एका घोडेगावकडच्या माणसाचं वर्षभराचं काम तिच्याबरोबर गेलं. तो माणूस नोकरी सोडून गावी निघून गेला. दाजींना कुणी बोल लावला नव्हता. पण त्या दिवसापासून ते असे झाले, असं ताई म्हणाली.

मग तो द्राक्षांच्या हंगामातला दिवस आला. दाजींनी प्रोग्राममध्ये एक सुधारणा करून ती सकाळी नारायणगावजवळच्या कोल्ड स्टोरेजमध्ये बसवली. जुना प्रोग्राम पुसून नवा घातला आणि आम्ही ओतूरला परत आलो. दुपारी तिथल्या ऑपरेटरचा फोन आला.

"साहेब, तीन नंबरची खोली लई गार पडाय लागलीय. कॉम्प्रेसर थांबतच न्हाई."

दाजींचा चेहरा पांढरा पडला. "हातानं बंद करा," ते म्हणाले, "आन् काट्यावरची नजर काढू नका."

"चार खोल्या हाईत साहेब. बंद ठेवलं तर माल तापतोय, चालू केलं तर गोठतोय. मी एकटा कुठं कुठं पळू?"

चूक काय होती ते दाजींना लगेच कळलं. द्राक्षांच्या खोल्या शून्याच्या आसपासच ठेवतात, आणि शून्याखालचा आकडा नवा प्रोग्राम उलटा वाचत होता. खोली गोठायला लागली की त्याला वाटायचं फार तापली, आणि तो कॉम्प्रेसर आणखी रेटायचा. ओतूरच्या आमच्या खोलीत पारा शून्याखाली कधी जाणार होता, म्हणून तपासताना ते दिसलं नव्हतं. दुरुस्ती घाईत करायची त्यांची हिंमत नव्हती. जुनी, खात्रीची प्रत काढायची आणि नेऊन बसवायची, एवढाच मार्ग होता.

त्यांनी जुनी प्रत मागवली. पण काही हरवू नये या भीतीने दाजींनी प्रत्येक हंगामातल्या तापमानाच्या नोंदीसुद्धा प्रतींच्या त्याच साठ्यात भरून ठेवल्या होत्या, आणि साठा अवाढव्य झाला होता. पडद्यावरचा टक्का पुढे सरकेना. ऑपरेटरचा पुन्हा फोन आला. मागे त्याच्या धावण्याचा आवाज येत होता.

"दाजी, आकडा वाढवा," मी म्हणालो.

"आन् मधीच अडकलं तर?"

"आपण नुसतं वाचतोय. साठ्यात काही लिहीत नाही."

"ठावं हाय मला," ते म्हणाले, पण हात मांडीवरून उचलला नाही. कपाळावर घाम आला होता. मीही घाबरलो होतो. त्या खोल्यांत गावोगावच्या माणसांचा वर्षाचा माल होता, आणि दाजी नुसते पडद्याकडे बघत बसले होते.

ताई दारात येऊन कधीची उभी होती. ती हळूच म्हणाली, "तुमी ज्याला भिताय ते मशीन भोसरीत कवाच भंगारात गेलं असंल."

दाजींनी तिच्याकडे पाहिलं. चालू काम थांबवलं. आकडा टाइप केला, बनवणाऱ्यांच्या आकड्यापेक्षा कितीतरी मोठा. मग खुर्ची मागे सारून म्हणाले, "पावणं, बटण तुमी दाबा."

मी दाबलं. मशीनचा पंखा घरघरायला लागला. दाजींनी डब्यावर तळवा ठेवला. पडदा जागीच थिजला, माऊस हलेना. दाजी भिंतीला टेकून खाली फरशीवर बसले. ताईने देवाचं नाव घेतलेलं मला ऐकू आलं. मग पडदा हलला, टक्के भराभर पुढे गेले आणि जुनी प्रत समोर आली. दाजींनी ती दोनदा उघडून पाहिली, पेनड्राइव्हवर घेतली आणि उठले. स्कूटरचा ब्रेक त्यांनी तपासला नाही. उसाच्या रस्त्याने आम्ही गेलो तेव्हा ते एक शब्दही बोलले नाहीत, आणि त्या शांततेत बिबट्याची भीती मला वाटली.

प्रोग्राम बदलल्यावर कॉम्प्रेसर आपोआप थांबला. ऑपरेटर पायरीवर बसून पाणी प्यायला. तीन नंबरच्या खोलीत पंख्याजवळच्या पेट्या गोठून गेल्या होत्या, बाकीचा माल वाचला. त्या पेट्या एका म्हाताऱ्या बागायतदाराच्या होत्या, सगळे त्यांना आप्पा म्हणत. दाजी त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"आप्पा, चूक माझी हाय. मशीनची न्हाई."

आप्पांनी एक घड उचलून बोटांनी दाबून पाहिला आणि परत ठेवला. "गारपिटीत यापेक्षा लई गेलंय, राव," ते म्हणाले. "तुमी जेवलाय का? चेहरा पाहा जरा."

वाढवलेला आकडा नंतर तसाच राहिला. एवढंच नव्हे, बनवणाऱ्यांनीही आपला आकडा आता वाढवावा, मशीनं मोठी झाली आहेत, असं एक इंग्रजी मेल दाजींनी माझ्याकडून लिहून घेतलं. पण इंग्रजी चुकलं असेल या भीतीने पाठवलं मात्र नाही. ते रोज उघडायचे, एखादं 'काइंडली' वाढवायचे आणि पुन्हा ठेवून द्यायचे. पुढे कधीतरी बनवणाऱ्यांनी आपणहून आकडा वाढवला. दाजी खूश झाले. "बरं झालं, मेल पाठवलं न्हाई," म्हणाले, "उगाच त्यांना वाटलं असतं आमी शिकवतोय."

मग कोल्ड स्टोरेजवाल्यांना बाजारात तयार यंत्रं मिळायला लागली आणि आमचं काम आटत गेलं. मी पुण्यात नोकरी धरली. दाजींनी पुढच्या खोलीतलं टेबल काढून तिथे कॉट टाकली. आठवड्यातून एकदा माझा फोन होतो. ते माझी खुशाली विचारतात, पाऊसपाणी सांगतात, आणि फोन ताईकडे देतात.

परवा ताईला मी गमतीने विचारलं, दाजी हल्ली कशाला भितात? ती म्हणाली, "हल्ली कशालाच भीत न्हाईत. कुकर चढवला तरी कॉटवरनं उठत न्हाईत." तिचा आवाज मला बरा वाटला नाही.