आयर्लंडची आजी आणि माझा सोडलेला बटाटा

देवघरासमोर नारळ साठतात तसे आमच्याकडे किस्से साठतात. गुरुवारी दुपारी आम्ही बायका शहापूरला आमच्या घरी पोथी वाचायला जमतो. पोथी संपली की प्रसाद, आणि प्रसादाबरोबर गप्पा. त्या गप्पांत गेल्या वर्षापासून एक देश येऊन बसलाय. आयर्लंड. माझी मेघना तिथे नर्स आहे ना.

मी शांत बाई आहे असं सगळे म्हणतात. हे किस्से सांगताना मात्र माझा आवाज चढतो, तेवढं सांभाळून घ्या.

*

मेघनाचं तिकडे जायचं ठरलं तेव्हा मी नवस बोलले. पोर परक्या देशात सुखाने रुजेपर्यंत बटाटा खाणार नाही. आता उपास करणाऱ्या बाईने बटाटा सोडायचा म्हणजे काय, ते उपास करणाऱ्या बाईलाच विचारा. खिचडीत नाही, भाजीत नाही, कीस नाही, वेफर नाहीत.

शेजारच्या कुंदावहिनी म्हणाल्या, "अहो, भोपळा सोडायचात. कोणाला कळलं असतं?"

"देवाला कळलं असतं," मी म्हटलं.

"देवाला तुमच्या खिचडीत डोकवायला वेळ आहे का?"

तेव्हा मी हसले होते. राग नंतर सुरू झाला.

*

मेघना तिथे एका छोट्या गावात नोरा नावाच्या आजीबाईंकडे खोली घेऊन राहते. आजी ऐंशीच्या पुढच्या. शुक्रवारी मांस खात नाहीत, विहिरीच्या देवीला जातात, तिथल्या काटेरी झाडाला चिंधी बांधून मागणं मागतात. मेघनाने हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, पोर अगदी आपल्या माणसांत पडली.

मग एकदा मेघनाने कौतुकाने त्यांना माझा नवस सांगितला. आजींनी हातातला काटा ताटात टाकला. मला व्हिडिओ कॉल लावायला लावला आणि माझ्यावर जे काही चिडल्या! मेघना एकेक वाक्य मराठीत सांगत होती आणि आजींचं बोट स्क्रीनभर नाचत होतं.

"आई, त्या म्हणतायत, आमच्याकडे बटाटा कोणी सोडत नाही. एकदा बटाट्यानेच आम्हाला सोडलं होतं."

त्यांच्या पणजोबांच्याही आधीची गोष्ट. शेतातला बटाटा कुजला. गोरगरीब दुसरं काही खातच नव्हते. गावंच्या गावं मेली, उरलेली बोटींत बसून देश सोडून गेली. आणि त्याच वेळी बंदरातून धान्याच्या बोटी इंग्लंडला चालल्या होत्या.

"तिला सांग, देवाकडे काही मागायचं तर साखर सोड म्हणावं," आजी म्हणाल्या.

मी नवस मोडला नाही. पण त्या दिवशी साखरही सोडली.

*

हे मी गुरुवारी सगळ्यांना सांगितलं. खर्डीहून आमच्या यांच्या काशीआत्या आल्या होत्या. भिंतीला टेकून ऐकत होत्या.

"धान्य व्हता ना?" आत्या म्हणाल्या. "मंग मानसा कशाला मेली?"

"इंग्रज साहेबाने बोटींत घालून नेलं हो आत्या."

आत्यांनी भिंतीची टेक सोडली. मग म्हणाल्या, "आमच्या पान्यासारका."

धरण आमच्या तालुक्यात. पाणी मुंबईला. आणि उन्हाळ्यात आत्यांच्या पाड्यावर बायका हंडे मांडून टँकरची वाट बघतात.

मेघनाने हे नोरा आजींना सांगितलं तर त्यांनी लगेच विचारलं, "तिथेही तोच इंग्रज साहेब आहे का अजून?"

"नाही आजी," मेघना म्हणाली, "आता सगळे आमचेच आहेत."

मला इतका संताप आला. तिच्यावर नाही. ती खरं बोलली म्हणून.

*

श्रावणात एके दिवशी कॉलवर मेघनाच्या कपाळावर टिकली नव्हती. मी विचारलं. म्हणाली, पडली असेल. दुसऱ्या दिवशीही नव्हती. मग रडली.

ड्युटीला जाताना बस स्टॉपवर दोन पोरांनी तिला अंडी फेकून मारली. "तुझ्या देशात परत जा" म्हणाले. रात्रभर त्यांच्याच गावातल्या म्हाताऱ्यांची कूस बदलणारी माझी पोर, आणि तिच्या केसांतून अंडं गळतंय.

आमचे हे म्हणाले, "परत ये. तिकीट काढतो."

मेघना म्हणाली, "बाबा, मला ठरवायला महिनाभर द्या."

मी देवघरात गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा देवासमोर मोठ्याने बोलले. काय बोलले ते लिहीत नाही.

*

त्या गुरुवारी समाचाराला गर्दी. कुंदावहिनी म्हणाल्या, "मी म्हटलंच होतं, मुरबाडच्या दवाखान्यात काय वाईट होतं? ते लोक बाहेरच्यांना राहू देत नाहीत."

मी विचारलं, "वहिनी, तुमच्या वरच्या खोलीला भाडेकरू मिळाला?"

"कुठे हो. ती बिहारकडची एक नर्स आली होती. मी नाही म्हटलं. बाहेरची माणसं नकोत बाई आपल्याला."

मी पोथी मिटली. "तिचीही आई तिकडे काहीतरी सोडून बसली असेल, वहिनी."

प्रसाद न घेताच वहिनी उठल्या. पुढच्या गुरुवारी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या गुरुवारी आल्या, त्या बिहारच्या नर्स पोरीला बरोबर घेऊन. पोथीला पहिला नमस्कार तिनेच केला. वहिनी माझ्याशी अजून तुटक बोलतात. बोलू देत.

*

इकडे मेघनाने सांगितलं की नोरा आजींनी बटाटा सोडलाय. आयर्लंडच्या बाईने! ताटात घेतच नाहीत. म्हणे, "तुझ्या आईनेच का सोडायचा? ती पोरं आमच्या गावची आहेत." रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर तसं सांगितलं. आणि काठी टेकत मेघनाबरोबर बस स्टॉपवर जाऊन उभ्या राहायला लागल्या.

महिना संपत आला. हे रोज तिकिटाचं विचारत होते. एका रविवारी दुपारी कॉल आला. काशीआत्या माझ्या शेजारी बसल्या होत्या.

नोरा आजींचं स्वयंपाकघर. टेबलाशी अंडी मारणाऱ्या त्या दोघांपैकी एक पोरगा, मान खाली. मागे त्याची स्वतःची आजी, चर्चमध्ये ऐकून त्याला घेऊन आलेली, हाताची घडी घालून. पुढ्यात बटाट्यांची टोपली. पोरगा सोलत होता.

"आई," मेघना म्हणाली, "नोरा आजी विचारतायत, तुझा नवस फिटला का? तू खाल्ल्याशिवाय त्या खाणार नाहीत."

मी मेघनाच्या कपाळाकडे पाहिलं. टिकली होती. मोठी, लाल.

"तिकिटाचं काय करू?" हे दारातून म्हणाले.

"आत्या," मी म्हटलं, "त्या परडीतले दोन बटाटे द्या. कुकर लावते."

आत्यांची नजर फोनमधून हलेना. "देते गो. पन त्या पोराला सांग, साल लय जाड काढतोय."

मेघनाने ते इंग्रजीत सांगितलं. पोराने मान वर केली नाही. साल मात्र पातळ काढायला लागला.