तांदळात लिहिलेलं नाव

मुलांनो, गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकटीने माझ्या मागे भिंतीवर लावलेल्या डिग्रीवरचं नाव वाचलं आणि विचारलं, "आजी, हू इज दॅट?" ती मीच, एवढं सांगून मी विषय बदलला. मग दिवसभर चुटपूट लागली. तुम्ही मेलबर्नला, मी इथे, आणि ही गोष्ट सांगू शकेल असं दुसरं कुणी आता नाही. म्हणून लिहिते आहे.

आमच्या वेळी लग्नात मुलीचं नुसतं आडनाव नाही, नावही बदलत. त्यामुळे माझी डॉक्टरकीची डिग्री माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या. कॅनडात विनिपेगला मी फिजिशियन असिस्टंट झाले, म्हणजे तिथल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली पेशंट तपासायचे. तेव्हा या दोन बायका एकच आहेत, असं शपथपत्र तुमच्या आजोबांनी दिलं होतं.

ते गेल्यावर वर्षभराने, दोन हजार दहाच्या सुमारास, पूर्वेकडच्या या प्रांतातल्या एका छोट्या हॉस्पिटलने मला जागा देऊ केली. मला त्या घरात आणखी एक हिवाळा काढायचा नव्हता. ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून आत यावं, तर "झालं का?" असं विचारणारंही कुणी नव्हतं.

पण इथे प्रांत बदलला की लायसन्स नव्याने घ्यावं लागतं. मी सगळे कागद क्रमाने लावून पाठवले. उत्तर आलं: शपथपत्र नवं हवं, दोन्ही नावं ठाऊक असलेल्या माणसाचं. ऑक्टोबरअखेरपर्यंत ते मिळालं नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

मी यादी करायला बसले. आईवडील नव्हते, भाऊ नव्हता. लग्नाची सरकारी नोंद आम्ही कधी केलीच नव्हती. पान कोरं राहिलं. त्या पहिल्या नावाने मला कुणी हाक मारल्याला किती वर्षं झाली, ते मला आठवेना.

नागपूरच्या हॉस्टेलमधली माझी रूममेट कॅनडातच, सरे शहरात असते, असं कधीतरी ऐकलं होतं. ओळखीओळखीतून नंबर मिळवला. मी सवयीने सासरचं नाव सांगितलं.

"राँग नंबर," म्हणून तिने फोन ठेवला.

पुन्हा लावला आणि माहेरचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "सटवे, होतीस कुठे इतकी वर्षं?"

मी अडचण सांगितली, तशी ती हसायलाच लागली. "अगं, तुझी पाठराखीण म्हणून सासरी मीच आले होते ना! तुझ्या नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने तुझं नवं नाव लिहिलं. काय ते अक्षर! शेवटी तुझ्या सासूबाईंनी वाचून दाखवलं."

"हे लिहून देशील?"

"देते की. अक्षराचंही लिहू?"

नोटरीने म्हणे तिला दोनदा विचारलं, "राइस?" तिने शांतपणे सांगितलं, "अनकुक्ड."

मुदतीच्या चार दिवस आधी शपथपत्र पोचलं आणि नोव्हेंबरात लायसन्स मिळालं. मी इथे आले. घरी एकटीच असायचे, पण दिवसभर पेशंट असत, आणि शनिवारी दुपारी तिचा फोन येई. ती मला जुन्याच नावाने हाक मारायची.

गेल्या वर्षी ती गेली. मी रिटायर होऊन माझ्या लायसन्सची मुदत त्याआधीच संपली होती. तिच्या शपथपत्राची प्रत अजून माझ्याकडे आहे.